धर्मक्षेत्रावरील आसनाचा तंटा



मार्गशीर्ष शुद्ध एकादशीस, म्हणजे गीताजयंतीच्या दिवशी, आपल्या मंदिरात दरवर्षी गीतेचे अठराही अध्याय एकत्र म्हटले जातात आणि त्यानंतर निरूपण होते. यंदाच्या निरूपणासाठी आम्ही एखादा श्लोक न घेता एक चित्र घेतले, याचे काही सभासदांस नवल वाटले. ज्यांना त्या दिवशी येणे जमले नाही, त्यांच्यासाठी ते निरूपण थोड्या विस्ताराने येथे देत आहोत. चित्र कुरुक्षेत्राचेच आहे. परंतु कौरवपांडवांच्या कुरुक्षेत्राचे नव्हे. ते इसवी सन १५६७ मधील कुरुक्षेत्राचे आहे, आणि त्यात एकमेकांवर शस्त्र उचललेले दोन्ही पक्ष संन्याशांचे आहेत.

'अकबरनामा' या फार्सी ग्रंथाची एक सचित्र प्रत खुद्द अकबर बादशहासाठी त्याच्याच चित्रशाळेत सोळाव्या शतकाच्या अखेरीस तयार झाली. या प्रतीची ११६ चित्रे आज लंडन येथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. १८९६ साली एका इंग्रज सेनाधिकाऱ्याच्या विधवेकडून ती तेथे विकत घेतली गेली. त्यांतील समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून हे एक चित्र पसरलेले आहे. प्रत्येक पान जेमतेम एक फूट उंचीचे. आपल्या घरातील पोथीचे पान आडवे धरतो तसे नव्हे, तर उभे धरून, डोळ्यांजवळ नेऊन पाहण्याचे हे चित्र आहे. बादशहाने ते असेच मांडीवर घेऊन पाहिले असेल.

प्रथम घडले काय, ते सांगतो. १५६७ सालच्या उन्हाळ्याच्या आरंभी अकबर पंजाबातून आग्र्याकडे परतत असता त्याचा मुक्काम ठाणेश्वरास पडला. ठाणेश्वर म्हणजे प्राचीन स्थाण्वीश्वर, कुरुक्षेत्राचे नगर. तेथील सरोवरावर ग्रहणाच्या पर्वणीस स्नान करण्याची व दान देण्याची चाल फार जुनी आहे. अशा पर्वणीस दूरदूरचे यात्रेकरू येत, सोनेनाणे, वस्त्र, धान्य देत. आणि ते दान स्वीकारण्यासाठी संन्याशांचे निरनिराळे संप्रदाय सरोवराच्या काठी आपापल्या ठरलेल्या जागी बसत. 'पुरी' नावाच्या संन्याशांचा प्रमुख केशव पुरी (फार्सी ग्रंथात त्याला 'केसू पुरी' म्हटले आहे) याने बादशहापाशी फिर्याद नेली की, आमची परंपरेची जागा 'कुर' पंथाच्या लोकांनी बळकावली. दोन्ही पक्ष हट्टास पेटलेले होते. दोघांनीही लढून निकाल लावण्याची अनुमती मागितली आणि बादशहाने ती दिली. मग दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या राहिल्या. आधी तलवारी, मग धनुष्यबाण, मग हाती येईल तो दगड, असा प्रकार झाला. पुरींची संख्या २०० ते ३०० आणि प्रतिपक्षाची ५०० हून अधिक, असे आकडे त्या काळच्या इतिहासांत येतात. पुरी कमी पडतात असे पाहून बादशहाने आपल्या काही लढवय्यांना त्यांच्या साहाय्यास जाण्याची खूण केली. कुरांचा पाडाव झाला, ते पळाले, त्यांचा पाठलाग झाला, आणि त्यांचा महंत आनंद कुर मारला गेला. एकूण मेलेले सुमारे २०.

हे 'कुर' कोण, याविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. आदिशंकराचार्यांच्या परंपरेत संन्याशांची दहा नावे सांगतात: गिरी, पुरी, भारती, सरस्वती, तीर्थ, आश्रम, वन, अरण्य, पर्वत आणि सागर. त्यांत 'कुर' हे नाव नाही. जुन्या फार्सी लेखनात 'क' आणि 'ग' एकाच आकृतीने लिहीत असत, हे ध्यानात घेऊन हे 'गिरी'च असावेत, असा तर्क केला जातो. अब्दुल कादिर बदाउनी हा त्याच काळचा दुसरा इतिहासकार मात्र एका पक्षास संन्यासी व दुसऱ्यास जोगी म्हणतो. यांपैकी पहिला तर्क खरा असेल तर ही लढाई एकाच आचार्यांच्या दोन शिष्यशाखांमधली ठरते, म्हणजे भावाभावांमधली. आणि ज्या भूमीवर ती झाली, त्या भूमीला भावाभावांची लढाई काही नवी नव्हे.

आता चित्राकडे वळू. वरच्या भागात घोड्यावर बसलेला बादशहा आणि त्याचा परिवार आहे. तेथे सारे व्यवस्थित आहे: वस्त्रे नीटनेटकी, माणसे आपापल्या पायरीप्रमाणे उभी. त्याखाली मात्र व्यवस्था नावाची गोष्ट उरलेली नाही. मोठ्या वृक्षाखाली उघड्या अंगाच्या माणसांचा गुंता झाला आहे. कोणी राखेने करडे दिसतात, कोणी सावळे, कोणी काळपट. जटा सुटल्या आहेत. तलवार उगारलेला हात कोणाचा आणि ज्याच्यावर ती उगारली आहे तो कोणाचा, हे शोधण्यासाठी पान डोळ्यांजवळ न्यावे लागते. दरबारी चितारी लढाईचे चित्र काढी, तेव्हा बहुधा दोन सेना स्पष्ट दिसत: एकीकडची निशाणे, दुसरीकडची निशाणे, मध्ये हत्ती. पाहणाऱ्याला आपला पक्ष ताबडतोब सापडे. येथे तसे नाही. पुरी कोण आणि कुर कोण, हे आम्ही पुष्कळ वेळ पाहूनही खात्रीने सांगू शकलो नाही. भस्म सर्वांच्या अंगाला सारखेच आहे.

या चित्राची रचना करणारा चितारी बसावन. अकबराच्या पदरी जे थोर चितारी होते त्यांत हा अग्रगण्य होता. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त त्याच्या रेखनाची, रंगसंगतीची आणि हुबेहूब चेहरे उतरविण्याच्या हातोटीची स्तुती केली असून, कित्येक जाणकार त्याला दसवंतापेक्षाही श्रेष्ठ मानतात, असे म्हटले आहे. (दसवंत हा पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा. लहानपणी तो भिंतींवर चित्रे काढी. ती पाहून बादशहाने त्याला चित्रशाळेत घेतले. १५८४ साली त्याने भ्रमिष्ट अवस्थेत स्वतःचा जीव घेतला. त्या चित्रशाळेतही सुखच सुख नव्हते.) बादशहाच्या आज्ञेने १५८२ पासून महाभारताचे फार्सी भाषांतर झाले. 'रज्मनामा' हे त्याचे नाव. त्याच्या सचित्र प्रतीसाठी ज्या चिताऱ्यांनी काम केले त्यांत दसवंत होता आणि बसावनही होता. म्हणजे ज्या हाताने व्यासांचे कुरुक्षेत्र रंगविण्यास साहाय्य केले, त्याच हाताने पुढे हे दुसरे कुरुक्षेत्र रंगविले. एक पुराणातले, दुसरे पंचवीसएक वर्षांपूर्वीचे. आम्हास वाटते, पहिले काम केल्यावाचून दुसरे असे उतरले नसते.

त्या शाळेत एका चित्रावर बहुधा दोघांचे काम असे: एकाने रचना व रेखाटन करावे, दुसऱ्याने रंग भरावेत. खारीच्या केसांचे कुंचले, खनिज रंग, सोन्याचे पाणी, आणि मग गुळगुळीत दगडाने घोटून आणलेली चकाकी. एवढ्या निगुतीने रंगविले काय, तर फुटलेली डोकी आणि जमिनीवर पडलेली माणसे. त्या प्रतीतील चित्रांखाली ग्रंथालयाच्या लेखनिकाने तांबड्या शाईने चिताऱ्यांची नावे लिहून ठेवली आहेत. कोणी रेखा काढल्या, कोणी रंग दिले, याचा हिशेब चोख आहे. मेलेल्या सुमारे वीस जणांपैकी नाव मात्र एकाचेच लिहिले गेले, आणि तेही तो महंत होता म्हणून. बाकीच्यांचे गाव कोणते, वय काय, किती वर्षे गुरूजवळ काढली, सरोवराच्या काठी त्यांची स्वतःची जागा होती की ते नुसते मागे उभे राहणारे होते, काही नाही. मात्र बसावनाने त्यांना चेहरे दिले. प्रत्येक चेहरा निराळा आहे. नावे लिहिणाऱ्यांनी जे केले नाही ते चेहरे काढणाऱ्याने केले. त्या झटापटीत सापडलेल्या माणसांची वेदना, भीती, चेव, सारे त्याने बारकाईने पाहून काढले आहे.

आता महाभारताशी याची तुलना करून पाहा. अठरा दिवसांचे युद्ध संपते आणि स्त्रीपर्व सुरू होते. गांधारीला व्यासांच्या कृपेने दूरचे रण दिसते. ती एकेकीला दाखविते: ही दुर्योधनाची पत्नी, ही उत्तरा, ही दुःशला. कोणी मस्तक शोधते आहे, कोणी धड ओळखते आहे. युद्धाची किंमत काय, हे व्यास केवळ आकड्यांनी सांगत नाहीत, बायकांच्या तोंडून सांगतात. मग गंगेवर तर्पण होते आणि कुंती कर्णाचे नाव उच्चारते, तेव्हा युधिष्ठिराला कळते की आपण मारलेला आपला थोरला भाऊ होता. रडायला माणसे होती म्हणून त्या मरणांची किंमत कळली.

ठाणेश्वरी मेलेल्यांसाठी कोण रडले? संन्यासदीक्षा घेताना मनुष्य स्वतःचे श्राद्ध स्वतः करतो. शिखा जाते, सूत्र जाते, कुळ जाते, गोत्र जाते. त्याच्या मरणाचे सुतक पूर्वाश्रमीच्या घरात धरीत नाहीत. ज्या आईने त्याला वाढविले तिच्या दृष्टीने तो आधीच गेलेला; ज्या दिवशी तो खरोखर गेला, त्या दिवसाची वार्ताही तिच्या गावी पोचली नसेल. पितृपक्षात आपण द्वादशी संन्याशांसाठी राखतो आणि चतुर्दशी शस्त्राने मेलेल्यांसाठी. या वीस जणांची तिथी कोणती? निरूपणाच्या वेळी मंडळाच्या एका ज्येष्ठ भगिनींनी हा प्रश्न उठून विचारला. आमच्यापाशी उत्तर नव्हते. संन्याशाला शस्त्राने मरण येईल आणि तेही दुसऱ्या संन्याशाच्या शस्त्राने, असा प्रश्न घेऊन जाण्याची वेळ आजवर आमच्यावर तरी आली नव्हती.

आणि त्याच दीक्षेचे दुसरे अंग पाहा. नुसते घर सोडले म्हणजे संन्यास होत नाही. त्या विधीत तो सर्व भूतांना अभय देतो. यापुढे माझ्यापासून कोणत्याही प्राण्याला भय नाही, हे त्याचे वचन असते. म्हणून तर तो दारी आला की आपण उठून उभे राहतो. त्या वचनाची खूण म्हणून अंगाला भस्म लागते: जे जाळायचे ते सारे जाळले, आता राख राहिली. बदाउनीने एक गोष्ट सांगितली आहे, ती आमच्या मनातून जात नाही. साहाय्यास पाठविलेल्या शिपायांना अंगाला राख फासून संन्याशांच्या बाजूने लढण्यास सांगण्यात आले होते. अभयवचनाची खूण त्या दिवशी शिपायांचा गणवेश झाली. पुरींना मिळालेला जय त्यांचा स्वतःचा नव्हता. तो अंगाला चार मुठी राख फासलेल्या भाडोत्री तलवारींचा होता.

गीतेचा पहिला शब्दच 'धर्मक्षेत्र' हा आहे, आणि ज्या दिवशी ती सांगितली गेली असे आपण मानतो त्या दिवशी हे चित्र का, याचे उत्तर आता देतो. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन म्हणतो की, या थोर गुरुजनांना मारून रक्ताने माखलेले भोग भोगण्यापेक्षा भिक्षा मागून खाणे बरे. हे आपण इतक्या वेळा म्हटले आहे की त्यातील 'भिक्षा' या शब्दाकडे आपले लक्षच जात नाही. एका क्षत्रियाला, राजपुत्राला, मारण्यापेक्षा भिक्षा बरी वाटली. भगवंतांनी त्याचे हे म्हणणे मान्य केले नाही, कारण ती भिक्षा वैराग्याची नव्हती, मोहाची होती. परंतु रक्त आणि भिक्षा ही दोन टोके आहेत, एक घेतले तर दुसरे सुटते, ही गोष्ट अर्जुनाला कळत होती आणि भगवंतांनीही ती नाकारली नाही. त्याच मैदानावर १५६७ साली जे झाले, ते अर्जुनाला स्वप्नातही सुचले नसते. तेथे भिक्षा मागण्याच्या जागेसाठीच रक्त सांडले. दोन टोके एकत्र आली. ज्याने राज्य सोडले, घर सोडले, नाव सोडले, त्याला सरोवराच्या काठची चार हात जागा सोडवली नाही.

काही सभासद म्हणतील की, संन्याशांनी शस्त्र धरले ते धर्मरक्षणासाठी. हे म्हणणे आम्ही उडवून लावीत नाही. मधुसूदन सरस्वतींच्या काळी मठांच्या व यात्रेकरूंच्या रक्षणासाठी नागा पथके उभी राहिली, अशी परंपरा सांगतात. त्या काळच्या वाटा किती असुरक्षित होत्या हेही आपण जाणतो. परंतु ज्या हातात एकदा रक्षणासाठी शस्त्र येते त्या हातातून ते जागेच्या वादाच्या वेळी खाली ठेवले जात नाही, हे ठाणेश्वरी दिसले. पुढे तर तीच विद्या चाकरीस लागली. १७६१ साली पानिपतावर आपल्या मराठी फौजांसमोर अयोध्येच्या शुजाउद्दौल्याच्या पदरचे गोसावी उभे होते. त्यांतलाच अनुपगिरी ऊर्फ हिंमतबहादूर हा पुढे महादजी शिंद्यांच्या आश्रयाला आला, मग अलीबहादुराकडे गेला आणि शेवटी १८०३ साली इंग्रजांस मिळाला. आम्हा माळव्यातल्या लोकांना हा इतिहास दूरचा नाही.

बादशहाविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण चित्रात तो सर्वांच्या वर आहे. तो त्या वेळी २४ वर्षांचा होता. यात्रेकरूंवरील कर त्याने १५६३ साली आणि जिझिया १५६४ साली उठविला होता. आपल्या लोकांविषयी त्याला द्वेष होता असे कोणी म्हणू शकत नाही. तरी हा प्रसंग त्याने करमणूक म्हणून पाहिला. अबुल फजल स्वतः तेथे नव्हता, तो १५७४ साली दरबारात आला. पण बादशहा या तमाशाने प्रसन्न झाला, हे त्याने गौरवाने लिहिले आहे. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत चितोडला वेढा पडला आणि १५६८ च्या फेब्रुवारीत गड पडल्यावर सुमारे ३०,००० माणसे कापली गेली, हा आकडाही अबुल फजलचाच. वीस मरणे मनोरंजन वाटली, त्यानंतर तीस हजारांपर्यंत पोचायला एक वर्षही लागले नाही. आम्ही यात कार्यकारण जोडीत नाही, फक्त तारखा सांगतो.

परंतु बादशहाला दोष देऊन आपल्याला मोकळे होता येणार नाही. त्या तंट्याचे मूळ कोठे होते? यात्रेकरूंच्या दानात. दान नसते तर काठची जागा ही नुसती जागा होती, तेथे कोणीही बसले असते. श्रद्धेने दिलेल्या नाण्यांनी त्या जागेची किंमत वाढत गेली, आणि जी वस्तू मोलाची झाली तिला धनी आले. सतराव्या अध्यायात भगवंत देश, काळ आणि पात्र पाहून दिलेल्या दानाला सात्त्विक म्हणतात. आपण देश पाहतो, कुरुक्षेत्र. काळ पाहतो, ग्रहण. आणि पात्राच्या ठिकाणी मात्र जो जवळ बसलेला असेल त्याच्या झोळीत टाकून पुढे होतो. मग जवळ कोण बसणार, यासाठी माणसे मेली तर त्यात देणाऱ्याचा वाटा किती, हा प्रश्न त्या सरोवरात बुडी मारून धुतला जात नाही. उज्जयिनीचा सिंहस्थ २०२८ साली येत आहे. आपल्यातली बहुतेक कुटुंबे क्षिप्रेवर जातील. आज आखाड्यांच्या स्नानाचा क्रम आधी ठरविला जातो, पोलीस उभे असतात, तो क्रम मोडू नये म्हणून सरकारी अधिकारी रात्रभर जागतात. त्र्यंबकेश्वरी शैव आणि नाशकास वैष्णव अशी स्नानाची जी विभागणी आहे, तीही पेशवाईतल्या अशाच तंट्यामुळे झाली असे सांगतात. म्हणजे चार शतकांत आपण क्रम लावायला शिकलो, आणि तेही थोडे नव्हे. परंतु क्रम लावावा लागतो, तो का लागतो?

येथवर ऐकणाऱ्यांना वाटले असेल की हे सारे आखाड्यांचे आहे, महंतांचे आहे, आपला काय संबंध. म्हणून आम्ही निरूपणाच्या शेवटी आपल्या पालखीचा विषय काढला, आणि तो काढल्याबद्दल दोघातिघांनी नापसंती दर्शविली. तरीही येथे लिहितो.

आपल्या मंदिराच्या रामनवमीच्या पालखीला पहिला खांदा कोणी द्यावा, यावरून आपल्यातील दोन घराण्यांत गेली दोन वर्षे वाद आहे. दोघांचे पूर्वज या मंदिराच्या उभारणीस कारण झाले. दोघांपाशी कागद आहेत. एकाने वकिलामार्फत नोटीस दिली आहे आणि दुसऱ्याने उत्तर. येथे तलवारी नाहीत, दगड नाहीत, हे खरे. परंतु गेल्या रामनवमीस काय झाले ते सर्वांनी पाहिले. एका घरातील मुलगी दुसऱ्या घरात दिलेली आहे. ती त्या दिवशी नैवेद्याचे ताट घेऊन सभामंडपाच्या पायरीशी आली, दोन्हीकडची माणसे पाहिली आणि ताट पुजाऱ्यांच्या हाती देऊन मागच्या दाराने निघून गेली. तिला कोणीही अडविले नव्हते, परंतु कोणाच्या बाजूला उभे राहावे हे तिला कळले नाही. ठाणेश्वरच्या चित्रातही कोणती माणसे कोणत्या बाजूची, ते कळत नाही, असे आम्ही वर म्हटले. तेथे ते चिताऱ्याने दाखविले, येथे त्या मुलीने.

एका वृद्ध सभासदांनी त्या दिवशी आम्हास विचारले, "तुम्ही संन्याशांची आणि आमची तुलना करता. ते सोडून आलेले होते, आम्ही तर संसारी. आम्हाला मान नको, असे आम्ही कधी म्हटले?" प्रश्न प्रामाणिक होता, आणि त्याचे उत्तरही तितकेच प्रामाणिकपणे द्यायला हवे. संसारी माणसाने मान मागू नये असे आम्ही म्हणत नाही. लग्नकार्यात मान मागावा, व्याह्याकडे मागावा, दुकानात मागावा. परंतु पालखी खांद्यावर घेताना आपण कोण असतो? त्या शंभर पावलांपुरते आपण भोई असतो. भोयाला वजन असते, मान नसतो. मान आत बसलेल्याचा. दसवंताचा बाप पालखी वाहत होता, त्याचे नाव कोठेही लिहिलेले नाही, आणि त्याच्या खांद्यावर कोण बसले होते तेही आज कोणाला ठाऊक नाही. पहिला खांदा आणि चौथा खांदा यांत रामाच्या दृष्टीने फरक असेल, तर तो कोणाच्या खांद्यावर पालखी कमी हिंदकळते एवढाच असेल.

व्यवस्थापक समितीने या विषयावर पौष महिन्यात सर्वसाधारण सभा बोलाविली आहे. सभेची तारीख याच अंकात अन्यत्र दिली आहे. आमची दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती आहे की, सभेस येताना कागद आणावेतच, परंतु त्यापूर्वी एकदा मंदिराच्या कार्यालयात येऊन हे चित्र पाहून जावे. त्याची छापील प्रत तेथे टेबलावर ठेवली आहे. अक्षरे बारीक असल्यामुळे भिंगही ठेवले आहे. सकाळी आरतीनंतर अकरापर्यंत आणि सायंकाळी पाच ते आठ कार्यालय उघडे असते. त्या दोघांनी एकाच वेळी यावे, असा आमचा आग्रह नाही. परंतु तसे झाल्यास भिंग एकच आहे, ते एकमेकांना द्यावे लागेल.